घाटकोपरला काय हललं?

टीव्हीखालच्या पट्टीत बातमी सरकली: नर्मदेच्या खोऱ्यात मध्यम भूकंप, हानी नाही. मी चहा खाली ठेवला आणि सवयीने फोन जवळ ओढला. आता वाजेल... दत्ता परबला जाऊन पाच आठवडे झालेत हे ध्यानात यायला मला, खोटं कशाला बोलू, थोडा वेळच लागला.

दत्ता माझा चेंबूरच्या शाळेपासूनचा दोस्त. मी साकीनाक्याला लेथवर जन्म काढला, त्याने भूकंप मोजणाऱ्या वेधशाळेत. रोज सकाळी यंत्राचा कागद बदलायचा, रेघा वाचायच्या. कुठेही जमीन हलली की मुलुंडहून माझ्या घाटकोपरच्या घरी त्याचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "गण्या, घाटकोपरला काय हललं?" त्याच्या घरी भिंतीवर नकाशा होता. धक्का जाणवला तिथे शाईचा भरीव ठिपका, नाही तिथे पोकळ गोल. पोकळ गोलांवर त्याचा जास्त जीव. "न हलणं ही पण माहिती असते रे. लोक मला बरं वाटावं म्हणून घर हलवतात," म्हणायचा.

नर्मदेवर त्याचं विशेष लक्ष. ती खचदरी, म्हणजे फार पूर्वी जमीन ताणून फाटली, मधला पट्टा खाली बसला आणि त्यातून नदी वाहू लागली. "मग आता कशाला हलते?" मी एकदा विचारलं. "तुझ्या व्हाइसच्या जबड्यात तडा गेलेली पट्टी धर आणि आवळ. कुठे तुटेल?" "तड्यावर." "बस. आपली सगळी जमीन उत्तरेला सरकत हिमालयाला रेटतेय. आवळणं तिकडे, कळ इकडे." शाळेत कुणी इतकं सोपं सांगितलं असतं तर मी लेथवर गेलोच नसतो.

निवृत्त झाला त्या वर्षी तो पार कोमेजला. तेव्हाच नर्मदेकडे धक्का बसला. फोनवर त्याचा आवाज इतका पडलेला की माझ्या तोंडून निघून गेलं, "कपाटावरची पितळी कळशी हलली रे." लेकाचा खूशच झाला. "कुठल्या दिशेने?" आली का पंचाईत. "उत्तर-दक्षिण," मी ठोकून दिलं. पुढच्या रविवारी तो घरी आला, ती कळशी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जागेवर ठेवली आणि कांदाभजी खाऊन गेला. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं पुढे ढकललं. इतका चोख माणूस, आणि त्याच्या नकाशावर माझा एक खोटा ठिपका... तो गेल्याचं कळलं तेव्हा रडू यायच्या आधी मला तेच आठवलं.

बातमीच्या दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेलो आणि त्याच्या बायकोला, शुभांगीवहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. "भावोजी, नकाशा जवळून बघा." घाटकोपरचा तो ठिपका ब्लेडने खरवडून पोकळ केलेला होता. शेजारी पेन्सिलने त्याचं बारीक अक्षर: 'गण्याची कळशी. गळ्यापर्यंत तांदूळ. हलणं शक्य नाही. त्याला विचारू नये.'

मी तिथेच त्याच्या खुर्चीत बसलो. वहिनींनी त्याचं शाईचं पेन पुढे केलं. "कालचा राहिलाय. घाटकोपरला काय हललं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि पोकळ गोल काढला. गोल वाकडा आला. उत्तर खरं होतं. पण ते फोनवर, त्यालाच द्यायचं होतं मला.