बाबांनी नाकारलेलं पाणी

महाडच्या दवाखान्यात बाबांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. तरी मला जवळ बोलावून विचारलं, “तुमच्या तळ्याचं पाणी हिरवट हाय ना गो?” मी म्हटलं, हाय. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. जावयाची चौकशी नाही, नातवंडांची नाही... तळ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. त्याला आता महिना होऊन गेला. खूप रडून झालं. पण आज लिहायला बसले आहे ती रडगाणं गायला नाही. माझे बाबा जिंकून गेले, ते सांगायला.

बाबा माशांची पिल्लं वाढवायचे. महाडजवळ आमच्या घरामागे त्यांची चार छोटी तळी होती. रोहू-कटल्याची पिल्लं बोटाएवढी झाली की गावोगावचे लोक ती न्यायला यायचे, आणि बाबा आधी त्यांचं पाणी बघायला जायचे. मुलगी द्यायच्या आधी घर बघतात ना, तसे. पाणी पसंत पडेपर्यंत चहासुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणायचे, “च्या पोटात गेला की नाय म्हणवत नाय.” माझं स्थळ बघताना मात्र दोनदा चहा घेतला होता, असं आई त्यांना चिडवायची.

माझं सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. तिथल्या तळ्यात मासे सोडायचं आम्ही बायकांनी ठरवलं. निम्मी घरं मुंबईकडे डोळे लावून बसलेली. गावात काहीतरी उभं राहावं, एवढीच इच्छा. मीच छाती ठोकून सांगितलं, पिल्लं माझे बाबा देतील. आणि बाबा येणार म्हणून उन्हाळ्यात आम्ही तळं घासूनपुसून काढलं. गाळ उपसला, शेवाळ खरवडलं, गुरांना तिकडे फिरकू दिलं नाही. पावसात तळं भरलं, निवळलं, तेव्हा तळाचे दगड दिसत होते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, व्याह्यांसाठी बांधावर घोंगडी अंथरली.

बाबा आले. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि वाकून बघत राहिले.

“पाची बोटं दिसतात,” ते म्हणाले. “ह्या पाण्यात खायला काय नाय. पिल्लं उपाशी मरतील. मी नाय देणार.”

सगळी वाडी बघत होती. मामंजी कसंबसं म्हणाले, “पावनं, घरात चला, च्या तरी घ्या.” बाबांनी हात जोडले आणि उतरणीला लागले.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. सासूबाई जेवायला वाढताना म्हणायच्या, “आमचं पानी पन चालत नाय तुझ्या बापाला.” मामंजी तर नावच काढेनात. मला बाबांचा इतका राग आला की गौरीला माहेरी गेले नाही. फोनवर तोंडाला येईल ते बोलले. लेकीची एवढीही लाज राखता आली नाही का, विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “तुजी लाज राखायला मेलेलं मासं देऊ? श्यान टाक पान्यात. आनि मरळ हाय का बघ, पिल्लं खाती ती.”

फोन आपटला. पण शेण टाकलं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा मरळ मासे पकडून काढले, सांडव्याला जाळी बांधली, गुरांना पुन्हा पाण्यावर सोडलं.

पुढच्या श्रावणात बाबा आले. हात बुडवला. पाणी आता हिरवट झालेलं, तळवा दिसेना. तरी गडी लगेच हो म्हणेल तर शपथ! जुन्या मच्छरदाणीचा पिंजरा करून त्यात पंचवीस पिल्लं सोडली आणि तीन दिवस आमच्याकडेच मुक्काम ठोकला. दोन दिवस मामंजी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघे म्हातारे बांधावर उकिडवे बसलेले, आणि पिंजऱ्यातली पिल्लं मोजत होते मामंजी.

“सगली हायत,” ते म्हणाले.

“मग आता च्या टाकायला सांगा,” बाबा म्हणाले.

चैत्रात जाळं ओढलं तेव्हा दहा माणसांना ते आवरेना. मामंजींनी पहिला रोहू उचलून बाबांच्या हातात दिला, व्याह्याचा मान म्हणून. बाबा भिजले होते, हसत होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लग्नातही बघितला नव्हता.

बाबांची तळी आता भाऊ सांभाळतो. पण पाणी बघायचं काम माझ्या गळ्यात आलं. बाराव्याहून परतले आणि चार दिवसांत पलीकडच्या वाडीचे लोक दारात. मी गेले, सोबत मामंजी आले. तळं लखलखीत, बांधावर सतरंजी, सगळी वाडी गोळा. कोपरापर्यंत हात घातला. बोटं दिसली, अंगठीसुद्धा दिसली. एवढ्या माणसांसमोर नाही म्हणायला काय लागतं, ते त्या क्षणी कळलं.

“नाही,” मी म्हटलं. “यंदा नाही.”

कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातला एक जाणता मामंजींकडे वळून म्हणाला, “तुमी तरी सांगा सुनेला.”

मामंजी काठी टेकत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. “सून घरात,” ते म्हणाले. “हितं ती माज्या व्याह्याची लेक हाय. ती नाय म्हनली म्हंजे नाय.”