बाहेरून कडी नसलेलं दार

अनसूयाअक्कांची पहिली भेट झाली ती माझ्या वर्कशॉपच्या अर्ध्या वर केलेल्या शटरपाशी. परतूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. शटर उघडं असलं की लोक सरळ आत येतात. अक्कांनी मात्र पत्र्यावर बोटांनी टकटक केलं आणि मी "या" म्हणेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या. आरोग्य केंद्रातून परिचारिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घरच्या मारहाणीतून निघालेल्या बायकांना राहता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर मोकळं केलं होतं, आणि त्याला लोखंडी दार हवं होतं.

मी कुठल्या आयटीआयमध्ये शिकलेलो नाही. दुसऱ्याचं काम बघत, हात भाजून घेत शिकलो. म्हणूनच मापात आणि जोडात मला तडजोड चालत नाही, हे मी अभिमानानं सांगतो. लोखंडी अँगलची चौकट, जाड पत्रा, डोळ्यांच्या उंचीवर सरकती झडप, सगळं ठरलं. मग अक्का म्हणाल्या, "कडी फक्त आतून. बाहेरून कडी न्हाई, कोयंडा न्हाई."

"मंग घराला कुलूप कसं घालणार, अक्का? असं दार अर्धवट राहतं."

"राहू द्या अर्धवट. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणींना बाहेरून कडी लावून कोंडलेलं असतंय, भाऊ. आल्याबराबर त्यांची नजर पहिले दारावर जाती."

"आन् तुम्ही गावाला गेलात तर?"

"कुणीतरी आत राहीलच."

दार मी तसंच केलं. पण ते 'कुणीतरी' मला तेव्हापासून टोचतं आहे.

अक्कांच्या घरची रीत अशी की नवी बाई आली, की आतली कडी तिनं स्वतःच्या हातानं लावायची. दार कुणाला उघडायचं तेही तिनंच ठरवायचं. अक्का भाजीची पिशवी घेऊन बाजारातून आल्या तरी आपलंच दार वाजवून थांबत. मी एकदा चेष्टा केली, "सोत्ताच्या घरी पाहुण्यावानी उभ्या राह्यल्या." त्या म्हणाल्या, "आतलीला कळू द्या ना, हितं हुकूम कुणाचा चालतो ते."

या रीतीची खरी परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. अंकुशनगरकडे ऊसतोडीला गेलेल्या टोळीतून मीरा नावाची तरुण बाई नवऱ्याचा मार खाऊन अक्कांकडे आली होती. तिची लहान मुलगी मागेच राहिली होती. एका दुपारी मी तिथं खिडकीची जाळी बसवत असताना जीप आली. मीराचे सासरे, दीर आणि गावातले दोघे जण उतरले. मुलगी जीपमध्येच होती.

"बाई, आमची सून बाहेर काढा," दीर म्हणाला. "लेकरू पायजे असंल तर मुकाट गाडीत बसायला सांगा तिला."

मी जाळी सोडून पुढं झालो. अक्का शांतपणे माझ्याकडे वळल्या. "भाऊ, फाटकाचं तेवढं राह्यलं ना तुमचं? करून घ्या."

फाटकाचं काही राहिलेलं नव्हतं. मी वायर ओढली, फाटकाशी बसलो आणि चांगल्या बिजागरीवर ग्राइंडर चालवू लागलो. ठिणग्यांमुळे कुणी पुढं येईना आणि त्या आवाजात कुणाची धमकी आतपर्यंत जाईना. तेवढ्यात अक्कांनी मागच्या अंगणात जाऊन पोलिसांना फोन केला.

हवालदार आले. म्हणाले, "बोलवा तिला बाहेर, मिटवून टाकू."

"मला न्हाई बोलवता येत, साहेब. दार वाजवा. तिनं उघडलं तर उघडलं."

हवालदार जरा घुटमळले, पण त्यांनी दार वाजवलं. झडप सरकली. आतून मीरा म्हणाली, "आधी लेकरू. माणसं तिथंच राहू द्या."

हवालदारांनी मुलीला दारापर्यंत आणलं. कडी निघाली, मुलगी आत गेली, कडी लागली. दीर कुरकुरला, "ही काय रीत झाली?" हवालदार म्हणाले, "हितली हीच हाय." पुढं न्यायालयातही मुलगी आईकडेच राहिली. अक्का मात्र मला अजून चिडवतात, "कारागीर म्हणवता आन् चांगल्या बिजागरीला ओरखडा पाडला."

यंदा अक्कांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या जालन्याला दवाखान्यात होत्या आणि घरात त्या वेळी राहायला कुणी नव्हतं. आम्हा हितचिंतकांची बैठक बसली. रिकामं घर उघडं कसं ठेवायचं, म्हणून बाहेरून कोयंडा बसवावा असं ठरलं. अक्कांना भेटायला गेलो तर त्यांनी औषधाचं, दुखण्याचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "दाराला काही केलं तर न्हाई ना?" एखादी बाई जीव मुठीत धरून त्या दारापर्यंत येईल आणि तिला कुलूप दिसेल, हा विचार परतीच्या वाटेवर पाठ सोडेना.

तरी बैठकीत ठरलं होतं, म्हणून पिशवीत कोयंडा आणि ड्रिल मशीन घेऊन मी दारापाशी गेलो. सवयीनं दार वाजवलं.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

झडपेत मीराचा चेहरा दिसला. ती आता कुंभार पिंपळगावला शिवणकाम करते. शिलाई मशीन आणि लेक, दोन्ही घेऊन आली होती.

"अक्कांनी बोलावलं का?"

"न्हाई. अक्का दवाखान्यात हायेत, मंग आत कुणी पायजे का न्हाई? पिशवीत काय हाय, भाऊ?"

"कोयंडा."

"मंग न्या माघारी."

तिनं झडप लावली. मी केलेल्या दारानं मला बाहेर ठेवलं, आणि अशा कामाचा मला अभिमान आहे.

तरी जिवाला स्वस्थता नाही. मीराला तिचं घर आहे, शिवणाची गिऱ्हाइकं आहेत. ती किती दिवस राहील? म्हणून अक्कांच्या अमृतमहोत्सवाचा हा गौरवग्रंथ हाती घेणाऱ्या सर्वांना माझं मागणं आहे. हार-शाली अक्कांना नकोत. आळीपाळीनं त्या घरात राहायला या. कोयंडा माझ्या वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, तो तिथंच गंजावा.

आणि अक्का, नवा गुडघा तुम्हाला भरपूर वर्षं चालवो. तुम्ही बाजारातून पिशवी घेऊन यावं, आपलंच दार वाजवावं, आणि आतून "कोण हाय?" असं विचारून कुणीतरी तुम्हाला जरा वेळ उभं ठेवावं, हीच माझी मनापासून इच्छा.