टाळांवरचं इंग्रजी

कुंभकोणममध्ये १९५०च्या दशकात इंग्रजीत नापास झालेलं मूल कुणाकडे धाडायचं, तर अंबाबाईंकडे. कावेरीकडे जाणाऱ्या गल्लीत, घराच्या ओट्यावर त्यांची शिकवणी चाले. वडील इंग्रजीचे मास्तर होते, त्यांच्याकडूनच त्या भाषा शिकल्या. स्वतः कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. कुणी तसं बोलून दाखवलं तर म्हणत, "माझ्या शिकवणीची मुलं पाहतात की." पास होणाऱ्यांना त्या घेतच नसत.

एका जूनमध्ये जवळच्या मरुदानल्लूर गावचे स्वामीनाथराव आपल्या मुलाला, रंगाला घेऊन आले. स्वामीनाथराव भजनं गात आणि रंगा टाळ वाजवी. एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी अडलं होतं.

अंबाबाईंनी त्याला धडा वाचायला लावला. तो एका सुरात वाचत सुटला. मध्येच त्यांनी पुस्तक मिटून घेतलं, तरी त्याचं चालूच. सगळं पाठ होतं.

"आता याचा अर्थ सांग."

रंगा खाली पाहू लागला.

"डोकं मंद आहे त्याचं," स्वामीनाथराव म्हणाले.

"टाळ कुणी शिकवला याला?"

"कुणी नाही. ऐकून ऐकून आला."

"मग मंद कसा? रंगा, उद्या टाळ घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी अंबाबाईंनी एकच वाक्य दिलं: 'द काऊ इज ईटिंग द पॅडी.' काऊ, ईटिंग आणि पॅडी, या तीन शब्दांवर टाळ पडला पाहिजे. मग त्यांनी वाक्य लांबवलं, 'द काऊज हॅव बीन ईटिंग ऑल द पॅडी.' टाळ मात्र तीनच. मधले बारके शब्द तेवढ्याच जागेत बसवायचे. रंगा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा हसला. त्याला ते ओळखीचं वाटलं.

"जिथे टाळ पडतो, तिथे अर्थ असतो," त्या म्हणाल्या. "आधी तो पकड. बाकीचे शब्द हे त्याचे साथीदार."

त्या दिवसापासून पाठांतर बंद झालं. रंगा परिच्छेद ऐके, वजनाचे शब्द उचले आणि त्यांवरून स्वतःची वाक्यं करी. तो बोलत असताना त्या चूक दाखवत नसत. बोलणं पुरं झालं की एकच चूक सांगत, सगळ्यांत मोठी.

ही बातमी मरुदानल्लूरला पोचली, तेव्हा स्वामीनाथराव तडक ओट्यावर आले. "देवाचे टाळ इंग्रजीला कशाला?"

"बसा जरा," अंबाबाई म्हणाल्या. "रंगा, काल गावात काय झालं ते अप्पांना सांग. इंग्रजीत."

रंगाने सांगितलं. बैल भजनमंडपात शिरला, लोक पळाले, अप्पा मात्र गातच राहिले. काळ चुकले, एक क्रियापद गळलं. स्वामीनाथरावांना शब्द कळत नव्हते, पण मुलगा अडखळत नाही हे कळत होतं. त्यांचा हात ताल धरून मांडीवर पडू लागला होता. जाताना एवढंच म्हणाले, "संध्याकाळी भजनाला टाळ परत हवेत."

पुरवणी परीक्षेत रंगा पुन्हा नापास झाला, थोडक्यात. घरी रडारड झाली. अंबाबाई शांत होत्या. "या वेळी तू स्वतःचं लिहिलंस आणि तरी एवढे गुण मिळवलेस. आता फक्त वेग कमी आहे. चल, बस." मार्चमध्ये तो पास झाला आणि त्रिचीला रेल्वेत चिकटला.

पुढच्या जूनमध्ये स्वामीनाथराव बहिणीच्या मुलीला, सरोजाला घेऊन आले. तिला ना गाण्यात रस होता, ना टाळांत.

"मग तुला काय आवडतं?" अंबाबाईंनी विचारलं.

"भांडायला," सरोजा म्हणाली.

स्वामीनाथराव ओशाळले. अंबाबाईंनी चटई सरकवून तिला जागा करून दिली.

"उत्तम. मी म्हणते, मुलींनी शाळा सोडून घरी बसावं. आता मला इंग्रजीत खोटं पाड."