पॅन्ट्रीच्या नावावरचा नंबर

माझा नवरा आणि मी दिल्लीतल्या एकाच संस्थेत नोकरीला होतो. तो लेखा विभागात, मी खालच्या मजल्यावर ग्रंथालयात. साताऱ्याहून माझ्या सासूबाई, म्हणजे आई, रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावरच्या फोनवर फोन करत. मोबाइल त्यांना पटत नसे. "मोबाइलवर माणूस कुठं भटकतोय ते कळत नाही. टेबलावरचा उचलला म्हणजे जागेवर बसलाय, एवढं तरी कळतं," असं त्या म्हणत.

तो गेला. दिवसकार्य उरकून मी कामावर रुजू झाले, त्याच आठवड्यात दुपारी त्याचा फोन वाजला. शेजारच्या टेबलावरचे पंजाबी गृहस्थ मला बोलवायला खाली आले. मी वर पोचले तेव्हा तो थांबून पुन्हा वाजू लागला होता.

"जेवलीस का?" आईंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग डबा घेऊन तिथंच बस. मी आहे."

तेव्हापासून मी त्याच्या टेबलाशी जेवू लागले. आम्ही भाजीबद्दल बोलायचो, साताऱ्यातल्या पाण्याबद्दल, त्यांच्या गुडघ्यांबद्दल. त्याच्याबद्दल कधीच नाही. सुरुवात कुणी करायची, हे बहुधा दोघींनाही ठरवता येत नव्हतं.

पुढे संस्थेने जुनं एक्सचेंज काढून सगळे फोन इंटरनेटवर न्यायचं ठरवलं. बोलणं, निरोप, बैठका, सगळं आता संगणकाच्या एकाच पडद्यावर होणार होतं. प्रत्येक नंबर कुणा कर्मचाऱ्याच्या नावाला जोडायचा. ज्याला नाव नाही, तो बंद. गाझियाबादहून येणारे एक मध्यमवयीन इंजिनिअर टेबलाटेबलाशी फिरत होते. ते आमच्यापाशी आले तेव्हा मी जेवत होते.

"मॅडम, ये नंबर किसके नाम पर डालूँ?"

मी माझं नाव सांगितलं.

"आपका तो नीचे है. एक आदमी, एक नंबर. ऑर्डर है."

माझा खालचा नंबर आईंना सांगणं अवघड नव्हतं. पण त्याआधी, तुमच्या मुलाचा फोन बंद केला, हे सांगावं लागलं असतं.

शेजारचे गृहस्थ खुर्ची वळवून म्हणाले, "अरे यार, इस पर माताजी का फोन आता है. कुछ करो."

इंजिनिअरनी चष्मा कपाळावर चढवला. "बंदा नहीं है तो जगह के नाम पर डाल देते हैं. गेट का है, कँटीन का है. आपकी पॅन्ट्री का नहीं है."

जागांच्या नावावरही नंबर असतात, हे मला तेव्हा कळलं. आठवड्याभरात पॅन्ट्रीत चहाच्या मशीनशेजारी भिंतीवर एक नवा फोन लागला, नंबर मात्र त्याचाच. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चलो, भाईसाहब को चाय के पास पोस्टिंग मिल गई. यही तो माँगते थे." कितीतरी दिवसांनी मी ऑफिसात हसले.

सुरुवातीला सुट्टी झाली की मी धावतपळत वर जायची. मग एकदा एका वाचकाने थांबवून घेतलं आणि उशीर झाला. मी पॅन्ट्रीत शिरले तर शेजारचे गृहस्थ एका हातात कप धरून फोनवर बोलत होते.

"नहीं माताजी, सच में. आपके लड्डू वो ड्रॉवर में ताला लगाकर रखता था. मुझे आधा देता था, आधा. कहता था, माँ ने गिनकर भेजे हैं."

रिसिव्हरमधून आईंचा आवाज माझ्यापर्यंत आला. "झूठ बोलता था! मैंने गिनके कभी नहीं भेजा!"

मला पाहून ते जरा ओशाळले. "लो जी, आपकी बहू आ गई," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"आई," मी म्हटलं.

"अगं, थांब जरा. त्यांना दे परत. ते त्याचं काहीतरी सांगत होते."

मी फोन परत दिला. ड्रॉवरला कुलूप असायचं, हे मलाही माहीत नव्हतं. मी स्टूल पुढे ओढलं, डबा उघडला आणि ऐकत बसले.