फ्लाव्हिया टीचरची विंचवांची वही

वेंगुर्ल्याच्या शाळेत फ्लाव्हिया फर्नांडिस यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. पानं, शिंपले, सुकलेले मासे मुलांसमोर ठेवून त्या म्हणायच्या, "मनातलं काढू नका, दिसतंय ते काढा." आणि त्यांच्यावरच एकदा खाली मान घालायची वेळ आली. न्हाणीघरात विंचू चावलेला नवरा मेल्विन खाटेवर घामाने निथळत होता आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "विंचू कसा होता?" तो टीचरनी स्वतः चपलेने मारला होता. पण रंग आठवेना, आकार सांगता येईना. मेल्विन दोन दिवसांनी बरा होऊन घरी आला, तरी तो प्रश्न काही टीचरना सोडेना.

त्यांचं घर चिऱ्याचं, कौलारू. मागे काजूची बाग. विंचू वर्षातून चार-पाच वेळा निघायचेच. त्या दिवसापासून टीचरनी चप्पल उगारणं सोडलं. लांब चिमट्याने विंचू धरायचा, काचेच्या बरणीत घालून झाकण लावायचं, समोर बसून त्याचं चित्र काढायचं आणि मग वस्तीपासून दूर सड्यावर, उघड्या कातळावर नेऊन सोडायचा, असा क्रम पडला.

"घरात इंचू पोसतंस काय गो?" मेल्विन कुरकुरायचा. पण झाकण घट्ट बसलंय की नाही, हे दरवेळी तोच बघायचा.

वही भरत गेली तसं टीचरना दिसू लागलं, की त्यांच्या घरात येणारे विंचू मुख्यतः दोन तऱ्हांचे आहेत. एक मोठा, काळाकुळकुळीत. त्याच्या नांग्या खेकड्यासारख्या जाड, पण शेपटी बारीक. दुसरा बोटाएवढा, तांबूस; त्याच्या नांग्या चिमट्यासारख्या नाजूक, पण शेपटी जाड. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना त्यांनी वही दाखवली. त्या म्हणाल्या, "मोठ्याला सगळे घाबरतात, पण जिवावर बेततं ते या लहान तांबड्यामुळे." वाडीत मात्र हे कुणाला पटत नव्हतं. एवढासा किडा काय करणार, म्हणून लोक हसायचे.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी शेजारचे गणपत परब फावड्यावर भलामोठा काळा विंचू घेऊन धावत आले.

"टीचर, बघा केदो इंचू! आमच्या सुनेक चावलो. मी मारलंय तेका."

टीचर तशाच निघाल्या, मागोमाग मेल्विन. गणपतांची सून संचिता पडवीत भिंतीला टेकून बसली होती. हाताला कळा येत होत्या, दोनदा उलटी झाली होती. सासू राधाबाई पदराने तिला वारा घालत होत्या. टीचरनी तिचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार आणि कपाळावर घामाच्या धारा. घामाने निथळणारा मेल्विन त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"मेल्विन, रिक्षा घेवन ये. आत्ताच्या आत्ता!"

"भिकाजीक बोलावणा धाडलाय," राधाबाई म्हणाल्या. "तो मंत्र घालता. मगे जावया."

"राधाबाय, मंत्र मागसून घाला. पोरीचे हात गार पडलेत. थांबा नकात."

राधाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून तिची चप्पल शोधू लागल्या.

रिक्षा येईपर्यंत टीचरनी विचारलं, "संचिता, तू बघितलंस तेका?"

"नाय टीचर. काजीच्या बियांचा गोणपाट उचललंय, तसो झटको बसलो."

"आनी हो काळो खंय गावलो?"

"मागल्या दारी, लाकडांत," गणपत म्हणाले.

चावा गोणपाटाशी आणि विंचू लाकडांत, हे टीचरना जुळेना. मेल्विन आणि राधाबाई संचिताला घेऊन गेल्यावर त्यांनी घरून चिमटा आणि बरणी आणली. गणपतांना मागे उभं करून एकेक गोणपाट लांबून उचललं. तिसऱ्याच्या घडीत तो होता, तांबूस, इवलासा, जाड शेपटी पाठीवर वळवून बसलेला.

"हो?" गणपत वाकून बघू लागले. "एवढोसो?"

"एवढोसोच," टीचर म्हणाल्या.

बरणीतल्या विंचवाचा फोटो त्यांनी मेल्विनच्या मोबाईलवर पाठवला. तोवर संचिता इस्पितळात पोचली होती. तिची लक्षणं पाहून डॉक्टरांनी औषध सुरूच केलं होतं. फोटोने त्यांची उरलीसुरली शंका फिटली. रात्रभर तिला नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी टीचर भेटायला गेल्या, तेव्हा ती कॉटवर बसून पेज पीत होती आणि सासूला सांगत होती, "माका आता माशाची कडी होयी."

डॉक्टर टीचरना म्हणाले, "फोटोचा उपयोग झालाच. पण विंचू शोधत न बसता तुम्ही तिला आधी पाठवलंत, ते जास्त मोलाचं." मग त्यांनी ती वही मागून घेतली आणि निवांतपणे चाळली. "यातली दोन चित्रं मोठी करून द्याल? बाहेर लावतो."

टीचरनी पुढचे आठ दिवस दुसरं काही केलं नाही. दोन्ही विंचू हातभर मोठे काढले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: "कुठलाही चावला तरी आधी इस्पितळ."

गेल्या पावसाआधी वाडीच्या शाळेत बायकांची सभा भरली, तेव्हा बोलायला उभी राहिली ती संचिता. जोडे झाडून घाला, लाकडांत उघडा हात घालू नका, हे तिने एकेक करून सांगितलं. मग टीचरनी पुन्हा काढून दिलेल्या चित्रांवर बोट ठेवून तिने विचारलं, "आता सांगा, ह्या दोघांत भियाचो खंयचो?"

पुढच्या रांगेतून राधाबाईच सगळ्यांच्या आधी ओरडल्या, "बारको! तांबडो!"

मागच्या बाकावर टीचर मेल्विनच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि चित्रांवर बोट ठेवून उभ्या राहिलेल्या संचिताचं चित्र काढायला घेतलं.