टेस्ट बारचा पहिला मान

जयसिंगपूरहून निघालेली एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली की बाकीचे प्रवासी वैतागत. पद्मजा कुरुंदवाडकरची नजर मात्र ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर खिळलेली असे. ती चाकं वळवणारा आर्म शिरोलीतल्या त्यांच्याच फौंड्रीत ओतलेला असू शकत होता, आणि तो पुरेसा चिवट आहे असं लिहून सही करणारी तीच होती.

घराचं कुलूप दोनदा ओढून बघणारी ही बाई. तिच्या टेबलासमोर एक आलेख लावलेला होता. वितळलेलं लोखंड ज्या हंड्यातून साच्यांत ओततात, त्या प्रत्येक लेडलमधून एक टेस्ट बार वेगळा ओतायचा, यंत्रात ताणून तोडायचा आणि तो किती जोराला तुटला, त्याचा ठिपका आलेखावर मांडायचा. यंदाचे ठिपके कसे सुतात बसल्यासारखे होते. तरुण मालक राजवर्धन ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

अख्ख्या वर्गाला सारखेच मार्क पडले की बाईंना संशय येतो, तसं पद्मजाचं झालं होतं. भंगार बदलतं, वाळू बदलते, माणसं बदलतात. मग ठिपके हलत कसे नाहीत?

शेवटी ती ओतकाम बघायला जाऊन उभी राहिली. गडमुडशिंगीच्या आकाराममामांनी भरलेल्या लेडलला नमस्कार केला आणि पहिली धार टेस्ट बारच्या साच्यात सोडली. मग सावकाश एकेक आर्म ओतत ते रांगेच्या टोकाला गेले.

"मामा, टेस्ट बार नेहमी पहिलाच ओतता?"

"व्हय की! पैला मान त्येचा. निवद दावल्याबिगर पंगत बसती व्हय, मॅडम?"

लोखंडाला चिवट करणारं मॅग्नेशियम लेडलमध्ये वेळ जाईल तसं उडून जातं. ती आजवर फक्त ताज्या धारेची परीक्षा घेत होती. रांगेतल्या शेवटच्या आर्मबद्दल तिच्या आलेखाला काहीच ठाऊक नव्हतं. 'प्रत्येक लेडलमधून एक' असं तिनेच सांगितलं होतं. 'शेवटच्या धारेतून' हे सांगायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

"माझं काय चुकलं का?" मामांचा चेहरा उतरला.

"तुमचं नाही हो मामा. माझं."

तिने ट्रॅक्टर कंपनीकडे निघालेली मालाची गाडी थांबवायला सांगितली तेव्हा राजवर्धन हसले. "पद्मजाताई, तुमचा एकबी बार फेल न्हाय. उगं भुतं कशाला उठवताय?"

"एकही फेल नाही, म्हणूनच भीती वाटतेय."

पेट्यांमध्ये आधीचे-नंतरचे आर्म मिसळून गेले होते. कोणता शेवटचा, हे ओळखायची सोय नव्हती. मग तिने पेट्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि राजवर्धननाच उचलायला लावल्या, म्हणजे आपण मुद्दाम वाईट माल निवडला असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत निघालेल्या पेट्यांतल्या आर्ममधून कापलेले तुकडे यंत्रात चढले. पहिला छान ताणला गेला. दुसराही. "बघा!" राजवर्धन म्हणाले. मामा दारातच उभे होते. पद्मजाला आपण खोटे ठरावं असं मनापासून वाटत होतं.

तिसरा ताणलाच गेला नाही. कोरड्या काटकीसारखा कट्कन तुटला.

राजवर्धन हळू आवाजात म्हणाले, "हा माल वितळवून टाकू. इथून पुढं बार शेवटी ओतायचा. झालं की मग."

"आणि आधी गेलेला?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. हायवेवरून कागलच्या दिशेने एक ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्या ओढत चालला होता. वर माणसंही बसली होती.

पद्मजाने ट्रॅक्टर कंपनीचा नंबर लावला. राजवर्धननी हात पुढे केला, पण फोन काढून घेतला नाही.

"बोला मॅडम," पलीकडून नेहमीचा आवाज आला. "माल ओके ना?"

"नाही," ती म्हणाली. "आणि मागचाही नसावा. आमचे आर्म बसवलेले ट्रॅक्टर आधी थांबवायला सांगा, मग मी सगळं समजावते."