दीड वर्ष की तीन वर्षं

बेळगावच्या दवाखान्यात मुलींना शिकवणाऱ्या त्या बाई बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, हातापायांकडे बघत. मला त्यांची भीतीच वाटायची.

येळ्ळूरहून सासरे मला तिथे घेऊन गेले, तेव्हा मी विधवा होते, सातवी शिकलेली. शिक्षणं दोन होती, सुईणीचं दीड वर्षाचं आणि नर्सचं तीन वर्षांचं. मला नर्स व्हायचं होतं.

"सुईणीचंच लिवा," सासरे बाईंना म्हणाले. "परक्या बाप्यांना हात लावायचं काम आमच्या सुनंला नको."

बाईंचं लक्ष सासऱ्यांच्या पायाकडे होतं. कुदळ लागून तो चिघळला होता. त्या खाली बसल्या, पाय मांडीवर घेतला, धुतला आणि पट्टी बांधली.

"लई बरं वाटलं, आक्का," सासरे म्हणाले.

"व्हय? मग मीबी परकीच की, आप्पा. पाय का न्हाय वडून घेतला?"

सासऱ्यांनी पट्टी बांधलेला पाय जमिनीवर टेकवला. मग म्हणाले, "तीन वर्सांचं लिवा."

बाईंनी अर्ज भरला आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "उद्या येताना नखं कापून ये."